“बॅटरी चांगली आहे म्हणाले, आठवड्यात गाडी बंद पडली” – या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या गॅरेजनं दोन दिवस गाडी ठेवून घेतली, बॅटरी न बदलता नुसते मीटर लावत बसले, १,८०० रुपये घेतले. नंतर डॅशकॅम (काचेवरचा रेकॉर्डिंगचा कॅमेरा) बसवून तुम्ही चार दिवस मुंबईला गेलात, परत आलात तर सेल्फ उचलेना. फोन केला तर आमच्या मुलानं “बॅटरी चांगली आहे” एवढंच सांगून फोन ठेवला. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं चालू गाडीची केबल काढून दोन मिनिटांत निदान केलं, नवी बॅटरी टाकली आणि दहा दिवस गाडी ठीक आहे.

फोनवर असं उत्तर द्यायला नको होतं, त्याबद्दल माफी मागतो. आणखी एक चूक आमचीच. मोजलेले आकडे बिलावर लिहून दिले नाहीत, त्यामुळे पैसे कशाचे घेतले ते तुम्हाला कळायला मार्गच नव्हता. जॉब कार्डावरचे ते आकडे इथे देतो.

गाडी आली तेव्हा बॅटरी १२.१८ व्होल्ट होती, म्हणजे साधारण निम्मी. अर्ध्या भरलेल्या बॅटरीवर लोड टेस्टर (मोठा करंट ओढून बॅटरीचा दम पाहणारं यंत्र) लावला तर चांगली बॅटरीही नापास होऊ शकते. म्हणून आधी चार्जिंग. ३५ एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरीला क्षमतेचा दहावा हिस्सा, म्हणजे ३.५ अँपिअर करंटनं स्लो चार्जिंग लावलं, त्यात रात्र गेली. फास्ट चार्जरनं दीड तासात “फुल” दाखवता येतं, पण त्यात बॅटरी तापते, पाणी वायू होऊन उडतं आणि प्लेटवरचा मसाला झडतो. चार्जर काढल्याबरोबर दिसणारे व्होल्ट वरवरचे असतात, म्हणून काही तास तशीच ठेवून मोजली: १२.५८. मग सीसीएच्या (थंडीत सेल्फ मारताना बॅटरी किती करंट देऊ शकते तो तिच्यावर छापलेला आकडा) निम्मा लोड १५ सेकंद दिला. शेवटी १०.१ व्होल्ट राहिले. ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी बाद धरतात. सहाही सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या अ‍ॅसिडची घनता) एकमेकांना धरून होती. एखादा सेल मेला असता तर तो तिथेच वेगळा दिसला असता. अशी बॅटरी बदलायला सांगणं म्हणजे तुमचे चार-पाच हजार उगाच घालवणं, म्हणून सांगितलं नाही.

अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा) १४.२ व्होल्ट देत होता, हेडलाइट आणि एसीचा पंखा लावून १३.९. तिथेही दोष नाही. मग उरलं एकच: उभ्या गाडीत काहीतरी बॅटरी खातंय.

इथे वेळ जातो. हल्लीच्या गाड्यांत चावी काढली तरी आतले कंट्रोल युनिट (छोटे कॉम्प्युटर) लगेच झोपत नाहीत. लॉक केल्यावर २० ते ४० मिनिटं ते जागे असतात आणि तेवढा वेळ करंट जास्तच दिसतो. बोनेटचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरनं खाली दाबून बंद केलं नाही, तर काही गाड्या झोपतच नाहीत. तुमच्या गाडीत चाळीस मिनिटांनीही डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती पकडून करंट मोजणारा) ०.४१ अँपिअर दाखवत होता. चांगल्या गाडीत हा आकडा ०.०५ च्या आत असतो. ०.४१ म्हणजे दिवसाला जवळजवळ १० एएच. ३५ एएचच्या बॅटरीला असं किती दिवस पुरणार?

त्यानंतर फ्यूज उपटत बसायचं नाही. फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि मोजमाप पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर मिलिव्होल्टवर लावायचा. करंट वाहत नसेल तिथे शून्य येतं. तुमच्या १५ अँपिअरच्या छोट्या ब्लेड फ्यूजवर १.८ मिलिव्होल्ट आले, म्हणजे त्यातून पावणेचारशे ते चारशे मिलिअँपिअर जात होते. तो फ्यूज म्युझिक सिस्टिमचा. डॅशबोर्ड उघडला तर बाहेरून बसवलेल्या स्क्रीनची पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून काळी टेप गुंडाळलेली. पिवळी डायरेक्ट प्लस, तिच्यावर स्क्रीनची मेमरी राहते. लाल चावीच्या लाइनवर हवी. दोन्ही एकत्र केल्या की स्क्रीन काळी दिसते पण आतून कधीच बंद होत नाही. लाल वायर वेगळी करून चावीच्या लाइनला घेतली, जॉइंट क्रिंप करून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवली. उन्हात डॅशबोर्ड तापला की काळ्या टेपचा गोंद वितळून ती सुटते, म्हणून टेप वापरली नाही. गाडी पुन्हा झोपवून मोजलं: ०.०३ अँपिअर.

त्याच १,८०० मध्ये अर्थिंगचंही, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला आणि इंजिनाला जोडणाऱ्या केबलचं, काम होतं. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनस खांबापासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.६ व्होल्ट पडत होते; ०.२ च्या वर चालत नाही. मीटरनं नुसतं “१२ व्होल्ट येतात” एवढं पाहिलं तर हा दोष सापडत नाही, कारण केबलमधल्या शंभर बारीक तारांपैकी एक शाबूत असली तरी लोड नसताना मीटर पूर्ण १२ दाखवतो. करंट वाहत असतानाच मोजावं लागतं. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत अर्थच्या लगखाली (केबलच्या टोकाची धातूची कडी) हिरवी पूड धरते आणि तांबं आवरणाच्या आत काळं पडत जातं. तुमचा लग बदलला, बॉडीवरची जागा घासून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली. नंतर ०.१२ आले.

आता तुमच्या मुंबईच्या चार दिवसांचा हिशेब. ०.०३ अँपिअरनं चार दिवसांत ३ एएचसुद्धा जात नाहीत, गाडी सहज सुरू व्हायला हवी होती. बॅटरी बसली याचा अर्थ आमच्याकडून गेल्यावर करंट पुन्हा वाढला. कारणं दोन दिसतात. एक, डॅशकॅम. पार्किंग मोडमध्ये (उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग चालू) तो साधारण ०.३ अँपिअर खातो, आधीचे ०.०३ धरून चार दिवसांचे जवळजवळ ३२ एएच झाले, म्हणजे जवळपास अख्खी बॅटरी. त्याच्या वायरिंग किटला कट-ऑफ असतो, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की डॅशकॅम बंद, पण तो बऱ्याचदा ११.८ सारख्या खालच्या व्होल्टवर सोडलेला असतो आणि तिथवर बॅटरी रिकामीच झालेली असते. दुसरं कारण आमचं काम असू शकतं. दुरुस्तीनंतर आम्ही एकदाच, संध्याकाळी मोजलं. एखादा रिले (विजेवर चालणारा स्विच) मधूनच चिकटत असेल तर तो एका मोजणीत सापडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजायला हवं होतं. गाडी न पाहता यातलं कुठलं कारण खरं हे मी ठरवणार नाही.

नवी बॅटरी दहा दिवस चालली, बहुधा गाडी रोज फिरते आहे म्हणून. करंट खाणारी गोष्ट अजून तिथे असेल तर पुढच्या वेळी चार दिवस उभी राहिल्यावर हीच बॅटरी बसेल. आणि अशी पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट होतं, पुन्हा ती पूर्ण भरत नाही. दोन-तीन वेळा असं झालं की नव्या बॅटरीचंही आयुष्य संपलं.

एक कळकळीची विनंती. चालू इंजिनवर बॅटरीची केबल कुणालाही काढू देऊ नका. बॅटरी अल्टरनेटरचा उसळता व्होल्टेज झेलत असते. ती सुटली की तो झटका थेट ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) बसू शकतो. बॅटरी चांगली की वाईट, हे तर त्या प्रयोगातून कळतच नाही.

घरी तपासायचं असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. लाल वायर १० अँपिअरच्या खोबणीत घाला. गाडी लॉक करून पाऊण तास थांबा. बॅटरीच्या मायनस खांबावरचा केबलचा क्लॅम्प फक्त ढिला करा, मीटरचं एक टोक खांबाला आणि एक क्लॅम्पला लावून धरा, मगच क्लॅम्प उचला, म्हणजे जोड तुटत नाही आणि युनिट जागे होत नाहीत. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. घरगुती वायरमनचा क्लॅम्प मीटर इथे बहुतेक चालत नाही, तो घरातला एसी करंटच मोजतो, गाडीतला डीसी नाही. आकडा ०.०५ च्या वर आला तर डॅशकॅमचा फ्यूज काढा, पुन्हा पाऊण तास थांबून मोजा. तेवढ्यानं आकडा खाली आला तर कारण सापडलं. किटचा कट-ऑफ १२.४ वर ठेवा किंवा पार्किंग मोड बंद करा.

नाहीतर गाडी घेऊन या. संध्याकाळी सोडा, सकाळी न्या, दोन वेळा मोजून आकडे लिहून देतो, पैसे नाहीत. दोष आमच्या जॉइंटचा निघाला तर १,८०० रुपये परत आणि नव्या बॅटरीचं बिलही आम्ही भरू. डॅशकॅमचा निघाला तर त्याची वायर चावीच्या लाइनवर फुकट घेऊन देऊ. जुनी बॅटरी अजून दिली नसेल तर ती या आठवड्यातच आणा, लगेच चार्ज झाली तर वाचण्याची शक्यता आहे. येताना डॅशकॅमच्या किटचं खोकं आणा, कट-ऑफचे आकडे बहुतेक त्यावर छापलेले असतात.