चांदोलीतलं जोतं, दिवे आणि तुमचा फणस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस झाले. उत्तर द्यायच्या आधी मला माझाच लेख पुन्हा नीट वाचायचा होता.

चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका इको लॉजवर मी लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही म्हणालात, "मिणमिणत्या उजेडाचं आणि बादलीभर पाण्यातल्या आंघोळीचं तुम्हाला कौतुक. माझ्या वडिलांनी त्याच डोंगरात जन्मभर हेच केलं, तेव्हा त्याला मागासलेपण म्हणाले. आमचं गाव उठवलं, आणि आता तिथंच एका रात्रीचे चार हजार घेऊन आमची गरिबी विकतात." शेवटी लिहिलंत की वडील अजून विचारतात, मागल्या दारचा फणस आहे का.

आधी माझी चूक. 'माणसाचा पाय न लागलेलं जंगल' असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे, आणि लिहिताना मला ते माहीत होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. झोळंबीच्या सड्याकडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ-पठाराकडे जाताना, जिथं खाली उतरू देतात तिथं गाइडनं आम्हाला करवंदीच्या जाळीत एक जोतं दाखवलं होतं. कोपऱ्यात दगडी उखळ. त्यात पाला कुजून काळं पाणी साचलेलं, आणि काठ आतल्या बाजूनं कांडून कांडून इतका गुळगुळीत झालेला की बोट फिरवलं तर घसरत होतं. समोरच्या मोकळ्या गवतात सात गवे चरत होते. गाइड म्हणाला, "ही सगळी भातखाचरं होती." मी गव्यांबद्दल दोन परिच्छेद लिहिले आणि उखळाबद्दल एक ओळही नाही.

१९८५ ला अभयारण्य, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला कोयनेसकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ ला जागतिक वारसा, हे सगळं लेखात होतं. त्यासाठी घरं कुणी सोडली, हे नव्हतं. आज गवे आणि सांबर ज्या गवतावर जगतात, त्यातलं कितीतरी तुमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राब भाजून, दगड वेचून मोकळ्या केलेल्या जमिनीवर उगवलंय. 'पाय न लागलेलं जंगल' हे वाक्य मी काढलंय आणि त्या जागी जोत्याबद्दल लिहिलंय.

पण दिव्यांबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटत नाही. लॉजवर वीज आहे. दिवे गुडघ्याएवढ्या उंचीवर आहेत, पिवळे, वर पत्र्याची टोपी. उजेड पायवाटेवर पडतो, झाडांत जात नाही. दहाला तेही बंद. पांढऱ्याफेक दिव्याभोवती किडे रात्रभर घिरट्या घालून मरतात आणि पाण्यावर येणारं जनावर बिचकून वाट बदलतं. जंगलाच्या कडेला राहायचं तर अंधार जनावरांसाठी सोडावा लागतो. तुमच्या वडिलांना दिवा मिळालाच नाही, हा अन्याय होता. आमच्या हाताशी बटण असतं, हा फरकही खरा. म्हणून तिथं फ्लडलाइट लावावेत असं मात्र मी म्हणणार नाही.

गेल्या वर्षी याच पट्ट्यात दुसऱ्या एका ठिकाणी राहिलो होतो. फाटकावर 'इको' लिहिलेलं. आत पोहायचा तलाव, रात्री बारापर्यंत स्पीकर, आणि सकाळी मागच्या ओढ्यात थर्माकोलच्या पत्रावळ्या. ते पाहिल्यापासून मी बुकिंगच्या आधी विचारतो: पाणी कुठलं, सांडपाणी कुठं जातं, कचरा कोण उचलतो, कामाला माणसं कुठली. या लॉजची उत्तरं बरी होती. पाणी बादलीनं देतात कारण एप्रिलपासून ओढे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर जनावरांचाही हक्क असतो.

चौथं उत्तर मात्र मी अर्धवट ऐकलं होतं. तुमची प्रतिक्रिया वाचून काल मालकांना फोन केला. स्वयंपाकाच्या मावशी, गाइड, ड्रायव्हर सगळे जवळपासच्याच गावांतले. पण जी गावं उठली, त्यांतलं कुणी? एकही नाही. "ते लांब वसाहतीत गेले ना," असं म्हणाले. तुम्ही वाळवा तालुक्यातल्या वसाहतीत आहात, म्हणजे खरंच लांब. तरी निदान आठवड्यातून एकदा कुणा जाणत्या माणसाला मानधन देऊन बोलवा, त्या डोंगरातल्या जागांची जुनी नावं पाहुण्यांना त्यांच्या तोंडून ऐकू द्या, असं मी सुचवलंय. ते "बघू" म्हणाले. मी पुन्हा विचारणार आहे.

मी सांगलीजवळच्या हरिपूरचा. संगमावर उभं राहिलं की वारणा कृष्णेला मिळताना दिसते. वर चांदोलीच्या धरणात, वसंतसागर जलाशयात, याच वारणेचं ३४ टीएमसी पाणी अडतं, त्यावर खालचा ऊस उभा राहतो, उन्हाळ्यात नदी वाहती राहते. लहानपणापासून मी ते पाणी बघतोय आणि ते कुणाच्या दारातून आलंय हे कधी विचारलं नाही. तुम्हाला उत्तर देताना हेच सगळ्यात जड गेलं.

आता फणसाचं. जोत्यापासून वीसेक पावलांवर एक जुना फणस आहे. खोडावर जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत नखांचे ओरखडे होते. अस्वल फणसासाठी चढतं, असं गाइड म्हणाला. शेजारी तुळशीवृंदावनाचा चौथरा आहे, एक बाजू ढासळलेली. हाच तुमचा का, ते वडीलच सांगतील. त्या फणसाचे नि चौथऱ्याचे चार फोटो लेखाच्या शेवटी टाकलेत. तिसरा मोठा करून दाखवा, त्यात चौथरा आणि खोड दोन्ही दिसतात.