अंतराळवीर तिथे आराम करत नाहीत

नागपुरातल्या बऱ्याच घरच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचा आशय असा: खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं की दीड महिना खाटेवरून उतरू नका. अंतराळवीर सहा-सहा महिने तरंगतात, त्यांचं काय बिघडतं? रोज तेलाची मालिश आणि दोन पेले दूध पुरे. उठल्यावर गरगरलं तर समजा, अजून विश्रांती हवी.

अंतराळवीरांचं बिघडतं, आणि चांगलंच बिघडतं. 1970 साली सोयुझ-9 या सोव्हिएत यानातून 18 दिवसांनी परतलेल्या निकोलायेव आणि सेवास्त्यानोव्ह या अंतराळवीरांना धड चालता येत नव्हतं. अंगावर भार नसला की खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे 1 ते 1.5 टक्क्याने घटते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर दिवसातले दोन-अडीच तास व्यायामाला राखलेले असतात. सायकल असते, खांद्या-कमरेच्या पट्ट्यांनी माणसाला खाली ओढून धरणारी ट्रेडमिल असते आणि 272 किलोपर्यंत भार देणारं यंत्र असतं. त्याआधीचं यंत्र साधारण 136 किलोपर्यंतच ताण द्यायचं. त्यावर नेमाने व्यायाम करूनही हाडं झिजत राहिली. नवं यंत्र आल्यावर, खाणं आणि ड जीवनसत्त्व पुरेसं असेल तर, घनता बरीच टिकू लागली. मेसेजला विरोध करणारेसुद्धा इथेच घसरतात. ‘पाय हलवत राहा’ एवढं सांगून ते थांबतात. पावलं हलवल्याने रक्त खेळतं. हाड-स्नायू टिकायला भार लागतो.

हे पृथ्वीवर, साध्या पलंगावरही होतं. 1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला एका प्रयोगात विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं, तर शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे 27 टक्क्यांनी उतरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघाली. सत्तरीच्या आजींचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

मालिशीने बरं वाटतं, पण स्नायूला स्वतः काम करावं लागत नाही, त्यामुळे तो रोडावतोच. आणि एक धोका: एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली तर तिला हातही लावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सीत. दूध जरूर प्यावं, पण भार नसताना हाडातलं कॅल्शियम सुटून लघवीवाटे जातं, ती गळती दुधाने थांबत नाही.

आता चक्कर. आडवं राहिल्यावर पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग कमी होतो, मग उभं राहिलं की बीपी पडतं. आणखी झोपवलं तर ते आणखी पडेल. नागपूरच्या मे महिन्यात यात भर पडते: कूलरसमोर घाम येतो तसा सुकतो, आणि भांडं मागायचा संकोच म्हणून पेशंट पाणीच कमी पितो. लघवी गडद पिवळी दिसली की तेच समजा. (हृदय-किडनीच्या पेशंटने पाण्याचं माप डॉक्टरांना विचारावं.) उठवायची रीत अशी: आधी पाठ उंच करून पाच मिनिटं, मग पाय खाली सोडून काठावर दोन-तीन मिनिटं, तेवढ्यात पावलं वीस वेळा वर-खाली, मग वॉकर धरून मिनिटभर उभं, मगच पाऊल. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी 20 ने उतरलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर बसवा, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

‘हलू नका’ यात खरं एवढंच की काही मणक्यांच्या आणि न जोडलेल्या फ्रॅक्चरमध्ये ठरावीक हालचाल बंद असते. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर लिहूनच घ्या: या पायावर वजन अजिबात नाही, फक्त बोटं टेकवून, की पूर्ण? बंदी त्या पायाला असते. चांगल्या पायाला आणि हातांना काम करायला कोणी अडवलेलं नसतं.

जाग असेल त्या दर तासाला पावलांची वीस वेळा हालचाल. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघा खाली दाबून पाच आकडे मोठ्याने मोजायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मोजायचं मोठ्यानेच, कारण गप्प मोजताना लोक श्वास रोखतात आणि बीपी चढतं. व्यायाम झाला की टॉवेल काढा; दिवसभर उशी ठेवली तर गुडघा वाकलेलाच आखडतो. हातांसाठी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, दहा-दहा वेळा; सोपं झालं की एक लिटरची.

तिन्ही जेवणं खुर्चीत, निदान वीस मिनिटं बसून. डॉक्टरांनी पूर्ण वजनाची परवानगी दिली असेल तर त्याच खुर्चीतून उठ-बस, पाचपासून सुरुवात. खुर्ची साधारण 45 सेंटिमीटर उंच, हाताची. आजी-आजोबा उंच असतील तर त्याहून उंच. आपल्याकडचे दिवाण बरेचदा त्याहून बुटके असतात. खुबा बदललेल्या माणसाला त्यावर बसवलं की गुडघे खुब्याच्या वर जातात आणि सांधा निखळू शकतो. दिवाणच वापरायचा असेल तर त्यावर कडक गादी घालून उंची वाढवा, आणि आधी टेपने मोजा.