थंडीत झाडं झोपतात म्हणे!

गारठा पडू लागला की बागप्रेमींमध्ये एक संदेश फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: "हिवाळ्यात झाडं झोपतात. पाणी आठवड्यातून एकदाच आणि तेही कोमट. खत पूर्ण बंद. सगळी झाडं निम्मी छाटा. किडी थंडीनं मरतात, फवारणी नको. रात्री कुंड्या प्लास्टिकनं झाका. फेब्रुवारीपर्यंत बागेला सुट्टी."

जिथे जमीन गोठते तिथे यातलं बरंचसं खपून जाईल. पण रात्री पारा 10 ते 15 अंशांवर आणि दुपारी 25च्या पुढे, अशा सौम्य हिवाळ्यात हा संदेश पाळला तर थंडीपेक्षा संदेशानंच जास्त झाडं जातील.

पहिलं म्हणजे झोपेचं. सफरचंद, पीच अशी पानगळीची झाडं खरोखर सुप्तावस्थेत जातात. साधारण 7 अंशांखालचे तास त्यांच्या अंगात जमा व्हावे लागतात. जातीनुसार काहींना दोन-तीनशे पुरतात, तर काहींना हजारही कमी पडतात. सौम्य हिवाळ्यात तो कोटा भरत नाही, मग डोळे (फांदीवरचे अंकुर) मागेपुढे आणि अर्धवट फुटतात. म्हणजे जी झाडं झोपतात त्यांचीसुद्धा झोप इथे धड होत नाही. जास्वंद, क्रोटन, मनीप्लांट, तुळस यांना अशी झोप ठाऊकच नाही. ती फक्त मंदावतात, आणि पारा 10च्या खाली रेंगाळला तर बर्फाचा कण नसतानाही त्यांच्या पेशींना इजा होते, पानं काळवंडून लोंबतात. उलट पेटुनिया, पॅन्सी, मटार, पालक, कोबी यांचा तर हाच हंगाम. शेवंती आणि पॉइन्सेटियाला फुलं येतात ती रात्र लांबल्यामुळे. पॉइन्सेटियाला रोज 13-14 तास सलग अंधार लागतो. तुमची कुंडी रात्रभर बाल्कनीतल्या दिव्याखाली असेल आणि पानं लाल होत नसतील, तर खताला दोष देऊ नका, दिवा बंद करा.

आता पाणी. सर्वांत जास्त झाडं इथेच मरतात, म्हणून जरा सविस्तर. "आठवड्यातून एकदा" हे माणसांच्या सोयीचं आहे; मातीला वार कळत नाही. उन्हातली मातीची लहान कुंडी कोरड्या हवेत दोन दिवसांत सुकते, कारण तिच्या भिंतींतूनही पाणी उडतं. सावलीतल्या मोठ्या प्लास्टिकच्या कुंडीत क्रोटन असेल तर तीच ओल दहा दिवस टिकते. दोन्हींना रविवारी एकेक मग पाणी घातलं की पहिली तहानेनं जाते आणि दुसरी कुजून. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर झारी खाली ठेवा. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणं त्याहूनही सोपं.

थंड मातीत मुळं पाणी सावकाश ओढतात. जास्तीचं पाणी मातीतल्या पोकळ्या भरून बसतं, हवा संपते, मुळं गुदमरतात. गंमत अशी की मुळं कुजलेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं, आणि घाबरून आपण आणखी पाणी घालतो. माती ओली आणि झाड मलूल असं दिसलं तर रोप हलकेच उपटून मुळाचं टोक चिमटीत धरून ओढा. निरोगी मूळ पांढुरकं आणि टणक असतं. कुजलेल्या मुळाची तपकिरी साल सरकून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. ते दिसल्यावर सडका भाग कापून, निचऱ्याच्या कोरड्या मातीत रोप लावून वाट बघायची, दुसरा इलाज नाही.

कोमट पाण्याचा तर हिशेबच मांडून बघा. 10 किलो मातीत 40 अंशांचं लिटरभर पाणी ओतलं तर सगळी माती मिळून काही अंशांनीच तापेल, आणि रात्र पडायच्या आत ती ऊब निघूनही जाईल. त्याहून गरम ओताल तर मुळं भाजतील. रात्रभर घरात बादलीत ठेवलेलं पाणी सकाळी घाला, झालं. आणि थंडीची लाट येणार म्हणून पाणी तोडणं तर उलटंच: ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री सोडते, कोरडी माती लवकर गार पडते. चिखल मात्र नको, वाफसा हवा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी.

"खत पूर्ण बंद" यात अर्धं खरं आहे. क्रोटन, मनीप्लांट यांना आत्ता नत्र (नायट्रोजन) देऊ नका. कोवळी फूट निघेल आणि गारठ्यात सापडेल. पण फुलांवर असलेल्या पेटुनियाला किंवा भरात असलेल्या पालकाला उपाशी ठेवायचं कशासाठी? शेणखत, गांडूळखत मात्र मातीतल्या जिवाणूंच्या जिवावर चालतं आणि माती 10 अंशांच्या खाली गेली की ते जिवाणू फारच मंदावतात. त्यामुळे हंगामी झाडांना पंधरा दिवसांनी पातळ द्रवखत बरं. टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळी पडली की लोक स्फुरद (फॉस्फरस) घालायला धावतात. बहुतेक वेळा स्फुरद मातीत असतंच, गार पडलेल्या मुळांना ते उचलता येत नाही. ऊब आली की नवी पानं हिरवीच येतात.

सरसकट छाटणी हा या संदेशातला सर्वांत घातक सल्ला. शेंडा कापला की खालचे डोळे फुटतात, आणि ती लुसलुशीत फूट पुढच्या गार रात्री करपते. वसंतात फुलणाऱ्या झुडपांनी कळ्यांची तयारी आधीच्या हंगामातल्या फांद्यांवर केलेली असते. त्या छाटल्या की वर्षाची फुलं कात्रीनं गेली. गुलाब वेगळा: तो नव्या फुटीवर फुलतो, छाटल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत. त्यामुळे फुलं कधी हवीत त्यावरून त्याची तारीख ठरवा. बाकी वाळलेल्या, रोगट फांद्या केव्हाही काढाव्यात. थंडीनं काळवंडलेली वरची पानं मात्र राहू द्या, खालच्यांना त्यांचाच आडोसा असतो.

"किडी मरतात" हे वाचून मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, हसत असेल. कडक थंडीच्या प्रदेशात माव्याच्या कितीतरी जाती हिवाळा अंड्यांच्या रूपात काढतात. सौम्य हिवाळ्यात त्याची गरजच पडत नाही. माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः वीण सुरू करतात. मावा खाणारे लेडीबर्ड भुंगेरे गारव्यात माव्यापेक्षा लवकर सुस्तावतात, म्हणजे पहारेकरीच पेंगलेले. शेवंतीचा कोवळा शेंडा उलटा करून बघा: देठाला दाटीनं चिकटलेले हिरवे-काळे ठिपके, खालच्या पानांवर टाकलेल्या कातींचा पांढरा भुसा, बोटाला चिकट लागणारा पाक आणि त्यासाठी रांग लावलेल्या मुंग्या. मुंग्यांची रांग दिसली की वर मावा किंवा पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) असणार असं धरूनच चाला. सुरुवातीला पाण्याची जोरदार धार पुरते. नाही भागलं तर सौम्य साबणाचं पाणी, पण ते किडीच्या अंगावर पडलं तरच काम करतं, म्हणून पानाच्या खालून मारा.

भुरीही याच दिवसांतली. बहुतेक बुरशींना पानावर पाणी लागतं, हिला लागत नाही. दिवसा कोरडी ऊब आणि रात्री दमट गारवा एवढं तिला पुरतं. पीठ भुरभुरल्यासारखी पानं दिसली की ती काढून टाका आणि दाटी विरळ करा.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. पातळ प्लास्टिक जमिनीची ऊब फारशी अडवत नाही, जिथे टेकतं तिथलं पान गार करतं, आणि सकाळी उन्हात आतली हवा भट्टीसारखी तापते. जुनी चादर घ्या, ती जमिनीपर्यंत सोडा (ऊब मातीतून येते, खोडाला गाठ मारून काही साधत नाही) आणि उजाडलं की काढा. हे रोज करायचंच नाही. निरभ्र आकाश आणि वारा पडलेला, अशा मोजक्या रात्रीच धोक्याच्या. त्यातही हवामानाचा आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचा असतो. जमिनीलगत पारा काही अंश आणखी खाली असू शकतो. कुंड्या छपराखाली, भिंतीलगत सरकवल्या तर बहुतेकदा चादरही लागत नाही.

उरली "फेब्रुवारीपर्यंत सुट्टी". सुट्टी घेतली तर एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: ऊन हललेलं असतं. उत्तर गोलार्धात 20 अंश अक्षांशावर 21 जूनला दुपारी मीटरभर उंच कठड्याची सावली वीतभरही पडत नाही. 21 डिसेंबरला ती जवळपास मीटरभर पडते. उन्हाळ्यात कठड्याच्या उत्तरेला उन्हात न्हाणारी कुंडी आता दिवसभर सावलीत असते, आणि दक्षिणेची बाल्कनी मात्र उन्हानं भरते. तेव्हा कुंड्या हलवा. पेरणीही थांबवायचं कारण नाही: पालक, मटार, लेट्यूस गारव्यात छान उगवतात, लेट्यूसचं बी तर फार उकाड्यात उगवायचंच नाकारतं. मिरची आणि टोमॅटोचं बी मात्र आत्ता उघड्यावर टाकलं तर आठवडेच्या आठवडे पडून कुजेल. त्यांना मातीत 20 अंशांच्या वर ऊब हवी, म्हणून ट्रे घरात ठेवा आणि अंकुर दिसताच खिडकीतल्या उन्हात हलवा, नाहीतर रोपं काडीसारखी लांबतील.