पाण्याखाली मध्यंतर

आज दुपारच्या शोला ज्याने कुणी मध्यंतराची जागा ठरवली, त्याला एकदा समोर बसवून मला विचारायचंय, बाबा रे, तू हा सिनेमा बघितलायस का?

'मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग'. आयमॅक्सला, म्हणजे त्या अवाढव्य पडद्याच्या थिएटरात. माणशी साडेसातशे रुपये, बुकिंगचे वर वेगळे. पैशांबद्दल माझी तक्रार नाही, या पडद्यासाठी मी आनंदाने देतो. टॉम क्रूझ बेरिंग समुद्राच्या तळाशी बुडालेल्या पाणबुडीत शिरतो. बोलणं बंद होतं. श्वास, पाणी आणि लोखंडाचं करकरणं, बस्स. मग ती पाणबुडी उतारावर कलंडायला लागते, आतलं सगळं सुटून इकडून तिकडे जायला लागतं, टॉर्पेडो जागचे हलतात. भरलेल्या थिएटरात एक माणूस चिप्सचं पाकीट वाजवत नव्हता. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलीने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

आणि फटकन पडदा काळा. दिवे. वेलचीची जाहिरात. मग पॉपकॉर्नचा कॉम्बो.

माणूस पाण्याखाली अडकलाय आणि तुम्ही मला नाचोज विकताय!

माझा मामा कऱ्हाडला एका टॉकीजमध्ये मशीनवर, म्हणजे प्रोजेक्टर चालवायला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी केबिनमध्येच पडीक असायचो. दोन मशीनं, आळीपाळीने चालणारी. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा, मामा दुसरं मशीन चालू करायचा, पुन्हा ठिपका आला की खटका. खाली कुणाला कळायचं नाही. मॅटिनीला इंग्रजी मारधाडपट लागायचे. आता हिंदी सिनेमाचं मध्यंतर लिहितानाच ठरलेलं असतं, पण इंग्रजी सिनेमाला ते नसतंच मुळी. तेव्हा मामा काय करायचा? एसटीने रिळांच्या पेट्या आल्या की रात्रीचा शेवटचा शो सुटल्यावर, रिकाम्या टॉकीजमध्ये, पूर्ण सिनेमा एकदा लावून बघायचा. मग कुठे थांबायचं ते ठरवायचा आणि रिळात त्या जागी कागदाची चिठ्ठी सरकवायचा. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बाहेर पडली की त्याला कळायचं, आता आलं.

कुणी सांगितलं नव्हतं त्याला हे करायला. पगार तोच मिळत होता.

मला कल्पना आहे, अर्धे जण म्हणतील एवढं काय त्यात, दहा मिनिटांचा तर प्रश्न. नाही, त्या दहा मिनिटांचा प्रश्न नाहीये. या प्रकारचा सिनेमा डोक्याने बघायचा नसतोच, तो अंगाने बघायचा असतो. गोष्ट काय, एआय जगाचा नाश करणार आणि एक माणूस किल्ली घेऊन धावणार. गोष्टीसाठी कोण जातंय? जातो ते त्या उंचीसाठी. याच मालिकेतल्या 2011 च्या 'घोस्ट प्रोटोकॉल'मध्ये क्रूझ बुर्ज खलिफावर लोंबकळला, तो प्रसंग आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यावर घेतला होता. तो कॅमेरा म्हणजे वजनदार धूड, आवाज एवढा की त्याच्यासमोर संवाद नीट ध्वनिमुद्रित होत नाहीत, आणि फिल्म अशी सुसाट पळते की एक रीळ जेमतेम तीन मिनिटांत संपतं. एवढा उपद्व्याप कशासाठी, तर खाली बघताना आपल्या पोटात गोळा यावा म्हणून. आणि तो येतो! मला वडाळ्याच्या आयमॅक्सच्या घुमटाखाली पहिल्यांदा आला होता, शाळेत असताना, कुठल्याशा डोंगरदऱ्यांच्या माहितीपटात. खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

आजच्या सिनेमातली ती पाणबुडी प्रचंड मोठ्या टाकीत, पाण्यात गोल फिरणारा सेट बांधून चित्रित केलीय. साठी ओलांडलेला माणूस त्यात स्वतः उतरलाय. शरीर असं हळूहळू त्या पाण्यात जातं, तुमचा श्वास त्याच्या श्वासाला लागतो, आणि ते एकदा तुटलं की मध्यंतरानंतर चालू बटण दाबून परत मिळत नाही. आज नाही मिळालं. लोक ट्रे सांभाळत जागा शोधत होते तेव्हा तो टॉर्पेडोच्या नळीतून बाहेर पडण्यासाठी अंगावरचा डायव्हिंगचा सूट काढत होता. अख्ख्या सिनेमातला सगळ्यात जीवघेणा क्षण. आमच्या रांगेत तेव्हा "एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी" चाललं होतं.

बाहेर येऊन मी विचारलं. थिएटरचं नाव घेत नाही, कारण ते एकटे नाहीत आणि काउंटरवरच्या मुलाचा यात काहीच दोष नाही. तो बिचारा म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये असतं ते, ऑटोमॅटिक." म्हणजे केबिनमध्ये माणूसच नाही. सिनेमा डिस्कवर येतो, कुणीतरी प्लेलिस्ट लावतं, जाहिराती, ट्रेलर, सिनेमा, थांबा, जाहिराती, सिनेमा. चिठ्ठी ठेवणारा कुणी नाही.

मान्य, सिनेमा पावणेतीन तासांहून मोठा आहे आणि शेजारच्या आजोबांना बाहेर जायचंच होतं. हेही मान्य की थिएटरं तिकिटांबरोबर खाण्यावरही तगून आहेत, ती बंद पडली तर मीच रडेन. पण मग घ्या ना मध्यंतर! घ्या! मी मध्यंतराच्या विरोधात नाहीच. 'आरआरआर'चं मध्यंतर आठवा. वाघ-चित्त्यांसकट भीम राजवाड्यात उडी घेतो, दोघे मित्र समोरासमोर येतात आणि तिथे पाटी पडते. तो दिग्दर्शकाने ठरवलेला थांबा आहे. लोक बाहेर येऊन चहा घेताना ओरडत होते. हा आपला प्रकार आहे आणि आपल्याइतका तो कुणाला जमत नाही. म्हणून तर जास्त राग येतो. ज्या देशात मध्यंतराची कला आहे, तिथे मध्यंतर असं कुऱ्हाडीने पाडतात.

कॅन्टीनचा दबाव काही आजचा नाही. मामाच्या टॉकीजमध्ये कॅन्टीनवाला दर शुक्रवारी वर यायचा. भजी कधी तळायला टाकायची ते त्याला घड्याळावर हवं असायचं. एकदा माझ्यासमोर वाद झाला, तो म्हणत होता दहा मिनिटं आधी थांबव. पडद्यावर गाड्यांचा पाठलाग चालला होता. मामाने मशीनवरचा हात काढला नाही. म्हणाला, "माणसं श्वास धरून बसल्यात. तितं लाइट लावायचा नसतो रं." भजी उशिरा तळली गेली. सगळी खपली.

आज मामा असता तर त्याला मी हा सिनेमा दाखवला असता. शेवटचा विमानाचा प्रसंग तर नक्कीच. दक्षिण आफ्रिकेच्या आकाशात, वर-खाली दुहेरी पंखांच्या लहानशा विमानावर तो माणूस खरोखर लटकलाय, वाऱ्याने त्याच्या चेहऱ्याची कातडी थरथरतेय, आणि आयमॅक्सवर चित्र वर-खाली वाढून पडदा भरतं तेव्हा पायाखाली जमीन राहत नाही. तिथे कुणी थांबवलं नाही. पुढच्या रांगेतली ती मुलगी ओरडली, मीही ओरडलो, आजोबा चक्क टाळ्या वाजवत होते. एवढं सगळं पदरात घालणारा पडदा आहे हा. म्हणून जीव तुटतो.

मी थिएटरला मेल लिहिलाय. दोनच मागण्या आहेत. इंग्रजी सिनेमा लावण्याआधी तुमच्यातल्या एका माणसाने तो पूर्ण बघावा आणि जागा ठरवावी. आणि दिवसातला एक शो, सकाळचा का होईना, विनामध्यंतर ठेवावा. खाण्याचे पैसे आधी घ्या, मी कॉम्बो घेऊन बसतो.

मला हा सिनेमा पुन्हा बघायचाय, सलग. मुंबई-पुण्यात कुठल्या आयमॅक्सला पाणबुडीच्या आधी किंवा नंतर थांबवतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी खाली लिहा. थिएटर आणि शोची वेळ दोन्ही लिहा.