‘कुलूपबंद बंदूक म्हणजे लोखंडाचा तुकडा’ : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

नागपुरातल्या सोसायट्यांच्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर परवानाधारकांसाठी एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर थोडक्यात असा : कुलूपबंद बंदूक म्हणजे लोखंडाचा तुकडा. चोर आत आल्यावर कुलूप उघडायला वेळ कोण देणार? म्हणून रिव्हॉल्वर भरून उशीखाली ठेवा. मुलांना एकदा नीट समजावलं की ती हात लावत नाहीत. फारच धास्ती वाटली तर कपाटात कपड्यांखाली किंवा माळ्यावर ठेवा, नाहीतर फिंगरप्रिंटची पेटी घ्या, विषय संपला. आणि घरात शिरलेल्याला गोळी घालण्याचा हक्क कायद्यानंच दिला आहे.

यामागची भीती खोटी नाही. बेसा-पिपळ्याच्या अर्धवट वसलेल्या ले-आउटमध्ये किंवा काटोल रोडवरच्या संत्र्याच्या बागेत एकट्या घरात रात्र काढणाऱ्याला ती नीट माहीत असते. पण त्या भीतीवर दिलेला हा उपाय घरातल्याच माणसाचा जीव घेऊ शकतो, म्हणून एकेक विधान तपासायला हवं.

‘कुलूप उघडायला वेळ मिळत नाही.’ हिशेब करून पाहू. बटणं दाबून उघडणारी, भिंतीला पक्की केलेली छोटी पेटी सराव झालेला हात अंधारात चार-पाच सेकंदांत उघडतो. उशीखालचं शस्त्र हातात यायला एक-दोन सेकंद लागतात. फरक तीन सेकंदांचा. हे तीन सेकंद निर्णायक ठरतील असा प्रसंग एकच : माणूस पलंगापाशी येऊन उभा राहिला आहे आणि तुम्हाला तेव्हाच जाग आली आहे. त्या क्षणी उशीखालचं रिव्हॉल्वरही वेळेत हाती लागेल याची खात्री नाही. म्हणजे वेळ पेटीपाशी वाचवायचा नसतो, दारापाशी मिळवायचा असतो, आणि नागपूरच्या घरांत तो नेमका कुठे हातचा जातो हे बघितलं पाहिजे.

सगळ्यात मोठं भोक म्हणजे कुलरची खिडकी. एप्रिल आला की खिडकीत कुलर बसवण्यासाठी ग्रिलचा खालचा भाग कापला जातो, आणि कुलर स्टँडवर नुसता टेकलेला असतो. बाहेरून ढकलला की आख्खा माणूस आत येईल एवढी जागा मोकळी होते. वर कुलरचा आवाज एवढा, की कडी तुटल्याचं पलीकडच्या खोलीत ऐकू येत नाही. कापलेल्या ग्रिलच्या जागी कुलरच्या मापाची लोखंडी चौकट करून ती जुन्या ग्रिलला वेल्ड करून घ्या, आणि कुलर आतून दोन पट्ट्यांनी त्या चौकटीला बोल्टनं कसा. गच्चीच्या दाराला आतून दोन टॉवर बोल्ट, म्हणजे सरकत्या कड्या हव्यात, एक वर आणि एक खाली. कोयंड्याचे आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सहसा इंचभराचेच असतात, एका लाथेत चौकटीतून निघतात. ते काढून अडीच-तीन इंचांचे घाला. प्रत्येक बाहेरच्या दाराला बॅटरीवर चालणारा, दार हललं की वाजणारा चुंबकी भोंगा लावा आणि त्याचा आवाज कुलर चालू असतानाही तुमच्या उशाशी ऐकू येईल असं बघा. एवढं केलं की चार सेकंदांच्या कुलपाची तक्रार उरत नाही. शिवाय झोपायच्या खोलीचं दार आतून बंद करून ११२ ला फोन करायलाही तोच वेळ कामी येतो.

‘भरून उशीखाली ठेवा.’ आपल्याकडे परवान्यावर साधारणपणे मिळतं ते .३२ बोअरचं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल, आणि शेतावर बारा बोअरची दुनळी. यांतलं एकही उशीखाली ठेवण्यासाठी बनलेलं नाही. पांघरुणाची घडी चापात अडकते. मधून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरची वरची खिट्टी कशात तरी दाबली गेली की काडतुसं गादीत सांडतात आणि गरज पडली तेव्हा हातात रिकामं शस्त्र येतं. ज्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा अडवणारा तुकडा नसतो, ते पलंगावरून घोड्यावर पडलं तर गोळी सुटू शकते. पिस्तुलाच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, गोळी ठेवली असेल तर तिथे धोका आणखी. दुनळीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे : ‘सेफ्टी लावली आहे ना!’ बऱ्याच दुनळी बंदुकांची सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा तसाच चढलेला राहतो. भरलेली बंदूक भिंतीला टेकवून ठेवली आणि ती घसरून आपटली, तर सेफ्टी असूनही बार होऊ शकतो.

पण यंत्रापेक्षा मोठी अडचण माणसाची आहे. गाढ झोपेतून दचकून उठल्यावर पहिली काही मिनिटं डोकं पूर्ण जागं नसतं. डोळे उघडे असतात, हात चालतात, पण समोर कोण आहे हे नीट उमगत नाही. पाणी प्यायला उठलेली मुलगी, पहाटेच्या रेल्वेनं अचानक आलेला भाऊ, अंधारात सगळे सारखेच दिसतात. चार आकडी क्रम आठवून बटणं दाबावी लागतात तेव्हा डोक्याला जागं व्हावंच लागतं. फॉरवर्ड ज्या चार सेकंदांना अडथळा म्हणतो, त्यांचा हा मोठा उपयोग आहे. पेटीशेजारी टॉर्च ठेवा आणि आधी तीच हातात घ्या. ओळख पटल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये.

घरात कुणी नसतं तेव्हाचं काय, याबद्दल तो मजकूर गप्प आहे. मे महिन्यात गावाला गेलेल्या कुटुंबाचं बंद घर फुटतं, तेव्हा गादी आणि उशी आधी उलटली जाते. उशीखालचं शस्त्र मग चोराच्या हाती जातं, आणि ते हरवल्याची खबर लगेच पोलिसांना देण्याची जबाबदारी परवानाधारकावरच असते.

‘मुलांना समजावलं की ती हात लावत नाहीत.’ या विधानाची प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत अटलांटा इथे ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटांनी एका खोलीत सोडलं. तिथल्या खणांत खेळण्यातल्या पिस्तुलांसोबत एक खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल होतं. निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. २९ पैकी २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं, आणि १० गटांत कुणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्या मुलांतल्या ९० टक्क्यांहून अधिक जणांना बंदुकीच्या सुरक्षेचे धडे आधीच मिळालेले होते. २००६ च्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात, ‘आमच्या मुलाला बंदुकीची जागा माहीत नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी ती जागा आपल्याला माहीत असल्याचं सांगितलं. समजावणं जरूर करा, पण त्याला कुलपाची जागा देऊ नका. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल उडवणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही हातांच्या बोटांनी चाप ओढणं जड जात नाही.

‘कपाटात किंवा माळ्यावर ठेवा.’ लोखंडी कपाटाचा पत्रा मिलिमीटरभराचा किंवा त्याहून पातळ असतो, पेचकसानं दार वाकतं, आणि किल्ली डब्याखाली असते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. माळा तर दोन्ही बाजूंनी वाईट. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावरची काडतुसं सतत तापतात. ती आपोआप उडत नाहीत, पण वर्षानुवर्षं तापून त्यांचा भरवसा जातो. जुलैत तिथेच ओल धरते. चामड्याच्या म्यानात ठेवलेलं शस्त्र सगळ्यात आधी गंजतं, कारण चामडं ओल सोडत नाही. कुलरच्या खोलीत ही अडचण उन्हाळ्यातही असते, म्हणून पेटी हवेच्या झोतासमोर बसवू नका. छोट्या पेटीत ओल शोषणारं सिलिका जेल २०० ग्रॅम पुरतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास वाळवून पुन्हा वापरा. तेलाचा हात पुसट फिरवा. तेल ठिबकत असेल तर ते काडतुसाच्या टोपीत झिरपतं आणि बार फुसका जातो.

आता ‘फिंगरप्रिंटची पेटी घ्या, विषय संपला’. हा सल्ला उशीपेक्षा बरा आहे, पण विषय तिथे संपत नाही. घामेजलेलं बोट, कणकेचा हात, शेतात काम करून घासलेली कातडी, पावसात भिजून सुरकुतलेली बोटं, यांपुढे स्वस्त सेन्सर हात टेकतो. फिंगरप्रिंट असलाच तर सोबत बटणं हवीतच. आमची पसंती बॅटरी न लागणाऱ्या यांत्रिक बटणांच्या कुलपाला आहे. इलेक्ट्रॉनिक घेतलीत तर अल्कलाइन सेल वापरा आणि गुढीपाडवा व दिवाळी अशा दोन ठरलेल्या दिवशी, जुने चालत असले तरी, बदला. कारखान्यातून आलेला मूळ क्रमांक पहिल्याच दिवशी बदला. काही स्वस्त पेट्यांत मालकाच्या क्रमांकाशिवाय दुसरा मास्टर क्रमांकही असतो, तोही बदला. दुकानातच पेटी बंद करून वरून ठोसा मारत दाराची मूठ फिरवून बघा. हलक्या पेट्यांतली विजेची खिट्टी धक्क्यानं क्षणभर सरकते आणि दार उघडतं. तशी पेटी घेऊ नका. आणीबाणीची किल्ली त्याच खोलीत ठेवली तर कुलपाला अर्थ उरत नाही. ती तिजोरीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये असावी.

पेटी पक्की बसवली नाही तर चोर ती काखेत मारून नेतो आणि सवडीनं फोडतो. पलंगाच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, चार अँकर फास्टनर (भिंतीत फुगून घट्ट बसणारे बोल्ट) लावून बसवा, ते भिंतीत किमान ६० मिलिमीटर आत गेले पाहिजेत, प्लास्टर वगळून. काँक्रीट किंवा भरीव विटांची भिंत उत्तम. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेपासून केलेल्या भरीव विटाही चालतात. नव्या फ्लॅटमध्ये मात्र अनेक भिंती हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यांत साधा अँकर फुगताना ब्लॉकच भुगा होतो आणि पेटी हातानं उपटता येते. तिथे केमिकल अँकर, म्हणजे रसायनानं चिकटून बसणारा बोल्ट, लावा किंवा बोल्ट आरपार नेऊन पलीकडे लोखंडी पट्टी द्या. प्लायवूडच्या वॉर्डरोबला स्क्रू मारून बसवलेली पेटी मोजूच नका.

पेटीत शस्त्र कोणत्या अवस्थेत असावं? पिस्तूल असेल तर चेंबर रिकामं, भरलेलं मॅगझिन शेजारी. रिव्हॉल्वर भरलेलं ठेवायचंच असेल तर फक्त या बंद पेटीत आणि फक्त तुम्ही खोलीत झोपलेले असताना. दिवसा, आणि घर सोडताना, शस्त्र रिकामं करून मोठ्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. रोज भरणं आणि रिकामं करणं यातही धोका आहे, म्हणून ते एकाच जागी, नळी भरीव बाहेरच्या भिंतीकडे धरून, कुणाशी न बोलता करा, आणि काडतुसं मोजून घ्या. सहा भरली असतील तर सहाच बाहेर आली पाहिजेत. चापावर बसणारं कुलूप भरलेल्या शस्त्रावर कधीही लावू नका, ते सरकवताना चाप दाबला जाऊ शकतो. रिव्हॉल्वर मधून उघडून नळीतून कुलपाची केबल ओवणं अधिक सुरक्षित. दुनळीची नळी दस्त्यापासून सोडवून दोन भाग दोन कुलपांत ठेवा. झटपट हाती येण्याचं काम दुनळीकडून अपेक्षूच नये.

सराव करताना काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवे बंद, मोबाइलवर वेळ लावा, वीस वेळा पेटी उघडा, त्यांतल्या दहा डाव्या हातानं. सलग दहा वेळा पाच सेकंदांच्या आत जमेपर्यंत रोज. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे. क्रमांक फक्त परवानाधारकाकडे, कारण परवाना नावावर असतो, घरावर नाही.

कायद्याच्या दाव्यात अर्धसत्य आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध मालमत्तेच्या बचावाचा हक्क मृत्यू घडवण्यापर्यंत जाऊ शकतो. पण तो हक्क कलम ३७ च्या मर्यादांत आहे : बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्कच नाही. कलम ४३ प्रमाणे तो घरातली घुसखोरी चालू असेतो टिकतो. अंगणातून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी मारली तर कलम ४१ मदतीला येत नाही. शस्त्र सुरक्षित कसं ठेवणार हे परवाना मागतानाच सांगितलेलं असतं, आणि परवान्याच्या अटी मोडणं हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली गुन्हा आहे.

एक गोष्ट त्या मजकुरात नाहीच, आणि आम्हाला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. भरलेलं, उघडं शस्त्र चोरापेक्षा घरातल्या खचलेल्या माणसाच्या जास्त जवळ असतं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांच्या २००९ च्या एका अभ्यासात जवळपास निम्म्यांनी सांगितलं, की विचार येणं आणि प्रयत्न करणं यात दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ गेला. ती दहा मिनिटं कुलपामुळे निभावून जाऊ शकतात. घरात कुणी उदास असेल, निकालानं कोसळलं असेल, कर्जानं पिचलं असेल, तर पेटीचा क्रमांक बदलून थांबू नका, शस्त्रच काही काळ घराबाहेर काढा. निवडणुकीच्या आचारसंहितेत जसं जमा करता, तसंच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येतं. शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या, तिची प्रत परवान्यासोबत ठेवा. आणि त्या माणसाशी बोलण्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, रात्रीही लागतो.