दिवस पहिला, अकराव्यांदा

व्यायाम सुरू करण्यात माझा हात धरेल असं कोणी नाही. धरूही नये, खांदा दुखतो.

चालू ठेवण्याबद्दल मी बोलत नाहीये. ती माणसं वेगळी. वीस वर्षं रोज पहाटे उठून चालणारी, आणि आपण चालतो हे दुपारपर्यंत चार जणांना सांगणारी. मी सुरू करणारी आहे. दर वेळी नवी वही आणते, पहिल्या पानावर ठळक अक्षरात ‘दिवस पहिला’ लिहिते आणि खाली रेघ मारते. गेल्या सहा वर्षांत अशा दहा वह्या झाल्या. त्यातली सर्वांत टिकाऊ वही ‘दिवस चौतिसावा’पर्यंत गेली होती. उरलेल्या पानांवर वाणसामानाच्या याद्या आहेत.

याला घरातले आळस म्हणतात. मला ते मान्य नाही. दर वेळी माझा कुठला तरी अवयव आडवा आला आहे, आणि एकदा आलेला अवयव पुन्हा आला नाही असंही फारसं झालेलं नाही.

सुरुवात कमरेनं केली. मी काही पोतं उचलत नव्हते. टेबलाखाली पडलेलं पेन उचलायला वाकले आणि तशीच राहिले. पेन हातात, नजर जमिनीवर, आणि नवरा विचारतोय, “काय शोधतेयस?” डॉक्टरांकडे जाताना मनात एक गोड विचार होता, तो कबूल करते. कंबर धरली म्हणजे पंधरा दिवस पाठ टेकून पडायचं, लोकांनी हातात आणून द्यायचं. पण डॉक्टर म्हणाले, “पडून राहू नका. जमेल तेवढं हिंडतं-फिरतं राहा. पडून राहिलात की कंबर उलट जास्त आखडते.” म्हणजे आजारपण आलं, पण त्यातला आराम शास्त्रानं आधीच काढून घेतला होता.

तर चालणं. ‘दिवस पहिला’ला मी थेट दहा हजार पावलं धरली, कारण मुलीनं दिलेल्या घड्याळात तोच आकडा होता. आकडा गाठायला रात्री अकरा वाजता बैठकीच्या खोलीत येरझारा घातल्या. नवऱ्याला वाटलं, कुणाचा तरी फोन यायचाय. नवव्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला आणि टाचेत कुणीतरी खिळा ठोकला. हे दुखणं मोठं बेरकी. सकाळचं पहिलं पाऊल जीव काढतं, मग दहा-वीस पावलांत बरं वाटायला लागतं, त्यामुळे डॉक्टरांसमोर तुम्ही छान चालून दाखवता आणि ढोंगी ठरता. तळपायाचा जाड पडदा चिडला होता. जुन्या सपाट चपला घालून एकाएकी मैलोन् मैल चालणाऱ्यांवर तो चिडतोच म्हणे. उपाय काय, तर पोटऱ्या ताणायच्या आणि बाटलीत पाणी गोठवून ती तळपायाखाली फिरवायची. फ्रीझरमध्ये आईस्क्रीमच्या जागी माझ्या पायाची बाटली आली, तेव्हा कुठे घरच्यांना दुखण्याचं गांभीर्य पटलं.

टाच वर करून बसल्यावर वाचायला वेळ मिळाला. आणि कळलं की दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरानं काढलेलाच नाही. 1964 साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाची हवा तयार झाली, आणि 1965 साली तिथल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव खपलं, यंत्र खपलं आणि साठ वर्षांनी माझी टाच खपली. पुढे 2019 साली अमेरिकेत सरासरी 72 वर्षं वयाच्या सोळा हजारांहून जास्त बायकांची पावलं मोजली. दिवसाला 4,400 च्या आसपास चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण 2,700 वाल्यांपेक्षा बरंच कमी निघालं, आणि साधारण 7,500 च्या पुढे फारसा फरक दिसेना. म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या रात्रीच्या येरझारांची अडीच हजार पावलं मी निव्वळ त्या जपानी यंत्राच्या नावाखातर टाकली होती.

मग धोरण बदललं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम वेगाची हालचाल सांगते. मिनिटं मला बरी वाटली, पावलांपेक्षा त्यांच्यात तडजोडीला वाव असतो. बूट शोधण्याची मिनिटं धरायची का, हा माझा पहिला प्रश्न होता. मध्यम वेग ओळखायची खूणही सोपी: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. नवऱ्याबरोबर चालले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यामुळे बोलण्याची परीक्षा घेता आली नाही. म्हणून गाऊन बघितलं. गाता आलं नाही. पण ते बसूनही येत नाही.

यानंतर रक्ताचा रिपोर्ट आला.

तीन महिन्यांची सरासरी साखर 6.3. डॉक्टर म्हणाले, 6.5 पासून मधुमेह म्हणतात, तुम्ही उंबरठ्यावर आहात. ही तपासणी म्हणजे दुष्ट शिक्षिका आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ 120 दिवस जगतात आणि त्या काळात जी साखर अंगाला चिकटेल ती घेऊनच हिंडतात. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री जागून उपयोग नाही. मी आदले चार दिवस काटेकोर वागले होते. पेशींनी त्या आधीचं सगळं सांगितलं.

घरी आल्या आल्या मुलीनं बिस्किटांचा डबा उचलला आणि स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवर नेऊन ठेवला. पत्र्याचा, रुंद, दोन हातांनी धरावा लागणारा. “आई, फेकत नाहीये,” ती म्हणाली, “पण तुला खावंसं वाटलं तर निदान विचार करायला वेळ मिळेल.” मला विचार करायला वेळ लागत नाही, स्टूल लागतं. पण तिच्यासमोर बोलले नाही.

आहारात बदल म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, कमी खायचं. ते सोपं होतं. प्रत्यक्षात आधी वाचायचं असतं. पाकिटाच्या मागे, मुंगीनं लिहावं तशा अक्षरात, घटक लिहिलेले असतात, आणि जे वजनानं जास्त ते आधी. साखर तिसऱ्या नंबरवर दिसली की आपल्याला हायसं वाटतं. मग चौथ्यावर ग्लुकोज सिरप, सहाव्यावर डेक्स्ट्रोज, आठव्यावर माल्टोडेक्स्ट्रिन. एकाच घरातली माणसं निरनिराळ्या आडनावांनी रांगेत उभी.

फायबरच्या बाबतीत मात्र मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. दिवसाला 25 ग्रॅम तरी हवं असं वाचलं आणि ते सोमवारी सकाळपासून अमलात आणलं. हळूहळू वाढवा, भरपूर पाणी प्या, ही पुढची ओळ मी गुरुवारी वाचली. मधल्या बुधवारी ऑफिसात दोन तासांची बैठक होती. बंद खोलीत. त्याबद्दल मी एवढंच सांगेन की मी सतत खुर्ची सरकवण्याचा आवाज करत होते आणि शेवटी साहेबांनी मला विचारलं, खुर्ची बदलून हवी आहे का.

रक्तदाब त्याच वर्षी वाढला. पुन्हा नवी वही. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. मी ताटातलं वरून घ्यायचं मीठ बंद केलं आणि स्वतःवर खूश झाले. मग कळलं की बरंच मीठ आधीच आत येऊन बसलेलं असतं. पावात असतं. गोड बिस्किटातसुद्धा असतं! पाकिटावर ते ‘मीठ’ म्हणून येत नाही, ‘सोडियम’ म्हणून येतं, आणि त्या आकड्याला अडीचनं गुणलं की खरं मीठ कळतं. दुकानात मी पाकीट हातात घेऊन, चष्मा कपाळावर ढकलून, ओठ हलवत पाढे म्हणते. अडीचकी आम्हाला शाळेत होती, तिचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

जेवण आधी पुठ्ठ्यासारखं लागायचं. नवरा पहिल्या घासाला माझ्याकडे बघायचा आणि काही न बोलता गिळायचा. दीड-दोन महिन्यांनी काकडी नुसती खाताना ती चक्क काकडीसारखी लागली. जिभेला सवय होते, हे खरं आहे. नवऱ्याच्या जिभेला व्हायची आहे.

चक्कर प्रकरण थोडक्यात. एका सकाळी कूस बदलली आणि छत गरगरलं. कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक खडे असतात, त्यातले काही जागा सोडून भलत्या नळीत घुसले होते. डॉक्टरांनी माझं डोकं धरून ठरावीक क्रमानं इकडून तिकडे फिरवलं आणि खडे घरी पाठवले. दहा मिनिटांचं काम. पण जाताना बजावलं, स्टुलावर चढायचं नाही.

आणि मग उजवा खांदा. आधी नुसता दुखला, मग थिजला. केस विंचरता येईनात, मागे हात जाईना. याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. मधुमेहवाल्यांत जास्त दिसतो, चाळीस ते साठ वयाच्या बायकांत जास्त दिसतो, आणि सुटायला एक ते तीन वर्षंही लागू शकतात. आधी दुखण्याचा काळ, मग गोठण्याचा, मग वितळण्याचा. फ्रीझरमधल्या बाटलीशी माझं नातं आता सख्खं झालं होतं.

इथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली. डबा फळीवर. खांद्यामुळे दोन्ही हात वर जात नाहीत. चकरेमुळे स्टूल बंद. टाचेमुळे चवड्यांवर उभं राहता येत नाही. उडी मारावी तर कंबर. इतकी वर्षं एकमेकांशी न बोलणारे माझे सगळे आजार त्या डब्याभोवती कडं करून उभे राहिले होते. पुढच्या रिपोर्टात साखर 5.9 आली. डॉक्टर म्हणाले, “आहारावर छान ताबा मिळवलात.” मी नम्रपणे मान हलवली. मान तेवढी हलत होती.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीएवढी. आवाज मधाळ, हात लोखंडी. शाळेतल्या कोनमापकाच्या थोरल्या भावासारखं काहीतरी खांद्याला लावून म्हणाली, “पंच्याण्णव अंश, काकू. एकशे ऐंशीपर्यंत जायचंय.” मग मोजायला लागली. तिच्याइतकं खोटं मोजणारं माणूस मी पाहिलेलं नाही. “आठ, नऊ, शेवटचा... आणि आता फक्त शेवटचे पाच.” मी “आई गं” म्हटलं की ती “छान!” म्हणायची.

“ध्येय ठरवू या,” ती म्हणाली. “रोजच्या जगण्यातलं एक काम सांगा, जे तुम्हाला पुन्हा करायचंय.”

मी क्षणभरही न घालवता सांगितलं, “वरच्या फळीवरचा डबा काढायचाय.”

तिला इतका आनंद झाला की तिनं ते कागदावर लिहून घेतलं. डब्यात काय आहे हे तिनं विचारलं नाही.

घरी करायचा व्यायाम असा: भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीवर टेकवायची आणि कोळ्यासारखी वर चालवायची. जिथं थांबतील तिथं पेन्सिलीची खूण. आमच्या आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर मुलीची लहानपणची उंची पेन्सिलीनं टिपलेली आहे, रेघ आणि शेजारी तारीख. त्याच चौकटीशेजारच्या भिंतीवर आता माझ्या रेघा सुरू झाल्या, आणि तारखा मुलगी घालू लागली. तिची कुठलीही रेघ आधीच्या रेघेखाली नाही. माझ्या मात्र वर जातात, खाली येतात, आठवडाभर एका जागी बसतात. एकदा झोपेत त्या कुशीवर वळले आणि सकाळी बोटं चार बोटं खालीच अडली. मुलीनं तिथं रेघ मारली, तारीख घातली आणि पुढे लिहिलं, ‘दिवस पहिला’.

“हे कशाला?” मी म्हटलं.

“तुझी पद्धत आहे ना, आई.”

सात महिने लागले. एका रविवारी दुपारी, घरात सगळे झोपले असताना, मी फळीसमोर उभी राहिले. आधी उजवा हात वर गेला, कुरकुरत, पण गेला. मग डावा. डबा खाली आला. झाकण उघडलं. बिस्किटं वर्षभरात पार सादळली होती, ओल्या पुठ्ठ्यासारखी. एक खाल्लं. भयंकर होतं. खात्री करायला दुसरं खाल्लं.

झाकण लावलं आणि पुरावा नको म्हणून डबा होता तिथं ठेवायला दोन्ही हात वर केले. उजवा सरळ गेला. डावा कानाच्या पातळीला येऊन थांबला आणि आत, खोलवर, ती ओळखीची कळ उठली. फिजिओनं सांगितलं होतं, काही जणांना पुढेमागे दुसऱ्या बाजूलाही होतं.

डबा तसाच अर्धवट धरून मी हाक मारली. मुलगी डोळे चोळत आली. तिनं डब्याकडे बघितलं, माझ्या ओठांवरच्या चुऱ्याकडे बघितलं, मग माझ्या डाव्या हाताकडे. डबा घेऊन फळीवर ठेवला आणि ड्रॉवरमधून पेन्सिल काढली.

“चल,” ती म्हणाली. “चौकटीच्या त्या बाजूला जागा आहे.”