विसरतोय हे कळतंय, म्हणजे अल्झायमर नाही?

काकांनी एके दिवशी स्वतःहून सांगितलं, "अगं, हल्ली माझ्या डोक्यात काही राहत नाही." काका सांगलीत बँकेत ३३ वर्षं रोखपाल होते. जुन्या खातेदारांचे खातेक्रमांक त्यांना तोंडपाठ असत. घरात सगळे काळजीत पडले, न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतली आणि त्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर आला: आपण विसरतोय हे ज्याला कळतं त्याला अल्झायमर नसतो. काकू म्हणाल्या, "बघा, तुमचं तुम्हाला कळतंय ना? मग झालं तर." वेळ रद्द झाली. पुन्हा वेळ घेईपर्यंत पावणेदोन वर्षं गेली.

तो मजकूर अजून फिरतोय. गेल्या आठवड्यात मला तो दोन वेगळ्या ग्रुपांवर आला, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. काकांच्या निमित्ताने चार वर्षं या चाचण्यांच्या वेळी शेजारी बसले आणि जे मिळेल ते वाचत गेले.

मजकूर थोडक्यात असा: पॅरिसच्या पिटिए-साल्पेत्रिएर रुग्णालयातले प्राध्यापक ब्रुनो द्युब्वा सांगतात की ज्याला आपल्या विसरण्याची जाणीव आहे त्याला अल्झायमर नाही. साठीनंतर निम्म्या लोकांना नावं आठवत नाहीत, किल्ल्या सापडत नाहीत, ते वयामुळे. मग तीन कोडी: ओळीनं मांडलेल्या 'ओ'मधून एक 'सी' शोधा, नवांच्या गर्दीतून सहा शोधा, 'एम'मधून 'एन' शोधा. तिन्ही जमली तर तुमचा मेंदू ठणठणीत आहे, न्यूरोलॉजिस्टकडची वार्षिक भेट रद्द करा.

"जाणीव आहे, म्हणजे आजार नाही"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं, कारण त्यात एक खरी गोष्ट उलटी करून ठेवली आहे. स्वतःच्या आजाराचं भान नसणं याला वैद्यकात 'अ‍ॅनोसोग्नोसिया' म्हणतात. १९१४ साली पॅरिसमध्येच जोसेफ बाबिन्स्की यांनी हा शब्द वापरला तो पक्षाघाताच्या रुग्णांसाठी. डावं अंग लुळं पडलंय, पण ते त्यांना उमगत नाही, असे रुग्ण त्यांनी पाहिले होते. अल्झायमरमध्येही अनेकांचं हे भान हळूहळू जातं, हे खरं आहे. पण "भान नसलेले आजारी असतात" यावरून "भान असलेले आजारी नसतात" हे कसं निघतं? क्षयात काहींच्या खोकल्यातून रक्त पडतं. रक्त पडत नाही म्हणून क्षय नाही, असं कुणी म्हणेल का?

शिवाय भान जातं ते आजार पुढे सरकेल तसं. सुरुवातीला काहींना काहीच जाणवत नाही, काहींना अर्धवट जाणवतं, आणि काहींना आपल्यात काय बदललंय ते घरच्यांच्याही आधी कळतं.

अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचं (डिमेन्शियाचं) सगळ्यात मोठं कारण. स्मृतिभ्रंशाच्या आधीच्या टप्प्याला डॉक्टर 'एमसीआय' म्हणतात. रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमतात, पण स्मरणशक्ती वयाच्या मानानं जास्त खालावलेली असते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ साली या अवस्थेचे जे निकष मांडले, त्यांतला एक निकष होता रुग्णाची स्वतःची तक्रार, शक्यतो जवळच्या माणसानं दुजोरा दिलेली. म्हणजे ज्या तक्रारीला हा मजकूर निरोगीपणाचा दाखला ठरवतो, ती तक्रार निदानाच्या यादीत होती.

विस्मरणाची तक्रार करणाऱ्या आणि न करणाऱ्या वयस्कांची तुलना अनेक अभ्यासांनी केली आहे. ते एकत्र पाहिले तर तक्रार करणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका साधारण दुप्पट दिसतो. घाबरून जाऊ नये म्हणून पुढचंही सांगते: दुप्पट म्हणजे वर्षाला शंभरात एकाच्या जागी दोघं-तिघं. तक्रार करणाऱ्या बहुतेकांना त्या वर्षी काही होत नाही. पण तक्रार केली म्हणजे सुटलो, असं कुठलाच अभ्यास सांगत नाही.

आणि ज्या बाईंमुळे हा आजार जगाला कळला त्यांचंच पाहा. ऑगुस्टे डेटर, वय ५१, १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झाल्या. अलोइस अल्झायमर त्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरं टिपून ठेवत. त्या नोंदींत त्यांचं एक वाक्य आहे, "मी स्वतःला हरवून बसले आहे." आजार बराच पुढे गेलेला असतानाही त्या हे बोलल्या. हे वाक्य वाचलं की मला काकांचं "डोक्यात काही राहत नाही" आठवतं आणि आम्ही ते किती सहज उडवून लावलं तेही.

"'सी' सापडला, म्हणजे मेंदू ठणठणीत"

काकांना तो 'सी' दोन सेकंदांत सापडला. सहाही सापडला, 'एन'ही सापडला. नोटांच्या बंडलात वेगळी नोट हाताला आणि नजरेला लागावी म्हणून ज्यानं आयुष्यभर डोळे वापरले, त्याला सापडणारच. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

पण या कोड्यांत लक्षात ठेवायचं असतं तरी काय? सगळं डोळ्यांसमोर मांडलेलं आहे. कस लागतो तो नजरेचा आणि लक्ष एकाग्र करण्याचा. अल्झायमरची पडझड बहुतेक वेळा सुरू होते ती मेंदूच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या भागात. हाइको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ साली मृत व्यक्तींच्या मेंदूंचा अभ्यास करून हा क्रम दाखवला. नव्या आठवणी पक्क्या करण्याचं काम तिथे चालतं. पाहण्याचं मुख्य केंद्र मेंदूच्या मागच्या टोकाला असतं आणि त्याची पाळी खूप उशिरा येते. पाणी मोरीत तुंबलंय आणि आपण गच्चीवरची टाकी तपासून "सगळं ठीक" म्हणतोय, असला हा प्रकार आहे. (अल्झायमरचा एक विरळा प्रकार पाहण्याच्या बाजूनंच सुरू होतो, पण त्यात ही कोडी चुकली तरी रुग्ण बऱ्याचदा दोष डोळ्यांचा समजून चष्मा बदलत राहतो.) उलट बाजूही आहे. मोतीबिंदू असलेल्या आजीला मोबाइलच्या पडद्यावर सहा सापडला नाही, तर ती रात्रभर झोपणार नाही.

स्मरणाची चाचणी घ्यायची तर वस्तू नजरेआड व्हायला हवी, मध्ये वेळ जायला हवा आणि त्या वेळात मन दुसरीकडे गुंतायला हवं. मजकुरात ज्यांचं नाव वापरलंय त्या द्युब्वांनीच २००२ साली पाच शब्दांची अशी एक छोटी चाचणी मांडली होती. काकांची चाचणी त्याच धर्तीवर, मराठी शब्दांची झाली. खरे शब्द इथे देत नाही, कारण कुणी पाठ करून गेलं तर चाचणी वाया जाते. समजा कागदावर दोडका, टांगा, पन्हं, टोळ आणि देऊळ असे शब्द आहेत. ते वाचायला सांगतात. कागद समोर असतानाच विचारतात, "यातलं पेय कोणतं? भाजी कोणती?" म्हणजे शब्द नीट आत गेला याची खात्री होते. मग कागद उलटा. लगेच एकदा विचारतात. नंतर दुसरीच कामं देतात, आकडे उलटे म्हणा, घड्याळ काढा. काही मिनिटांनी पुन्हा: "मघाचे शब्द सांगा." जो आठवत नाही त्याच्यासाठी खूण देतात, "एक भाजी होती."

सगळी गोम या खुणेत आहे. खूण दिल्यावर शब्द आला, तर तो आत साठलेला होता, फक्त बाहेर निघत नव्हता. वय, अपुरी झोप, नैराश्य यांत बहुधा असं होतं. खूण देऊनही आला नाही, किंवा भलताच आला, तर शब्द मुळात साठलाच नाही अशी शंका येते. ही शंका हिप्पोकॅम्पसकडे बोट दाखवते.

काकांना पाचांतले दोन आठवले. "एक भाजी होती" म्हटल्यावर ते ठामपणे "वांगं" म्हणाले. कागदावर वांगं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ बाई "बरं काका" एवढंच म्हणाल्या. काका माझ्याकडे वळले, "माझं काहीतरी चुकतंय ना गं?"

आजार होता आणि जाणीवही होती. दोन्ही त्याच खोलीत, त्याच खुर्चीत.

गुणांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. सगळ्यात जास्त वापरली जाणारी एक चाचणी 'मोका', २००५ साली माँट्रियलहून प्रसिद्ध झालेली. तिचे गुण ३०, आणि २६ च्या खाली गेलं की शंका घेतात. कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून मिळतो. पण ज्या बाईनं उभ्या जन्मात हातात पेन्सिल धरली नाही, तिला ठोकळा काढायला लावून एक गुण वाढवून दिला तर न्याय होतो का? आमच्या आजीला तारीख विचारली असती तर ती म्हणाली असती, "आज संकष्टी." तिचं दिवसाचं भान कुणाहीपेक्षा पक्कं होतं. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत, शाळा न पाहिलेल्या वृद्धांसाठी, हिंदीत वेगळी चाचणी घडवावी लागली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. याच्या उलट, आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या बाईंना २७ मिळाले तर त्या "पास" होतात, पण तीन वर्षांपूर्वी ३० असतील तर त्या २७ कडे गंभीरपणे पाहायला हवं. घसरण मोजायची तर आधीचा आकडा लागतो. म्हणून जाणते डॉक्टर सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा बोलावतात आणि दर वेळी शब्द बदलतात, नाहीतर सरावानंच गुण वाढतात. तीन कोड्यांच्या एका खेळातून यातलं काहीच कळत नाही.

"अक्षरं उलटसुलट केलेला मजकूर वाचता आला, म्हणजे बुद्धी शाबूत"

हे शेपूट काही ग्रुपांवर जोडून येतं, इंग्रजी शब्दांतली मधली अक्षरं इकडेतिकडे केलेलं. २००३ च्या सुमारास असाच मजकूर केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनाच्या नावावर फिरला होता. केंब्रिजमध्येच वाचनप्रक्रियेवर काम करणारे मॅट डेव्हिस यांनी तेव्हाच लिहिलं की आपल्याकडे असं संशोधन झालेलं नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. वाचनाची सवय अल्झायमरमध्ये फार काळ टिकते. इतकी, की रुग्णाची आजारापूर्वीची बौद्धिक पातळी काय असावी याचा अंदाज बांधायला अवघड इंग्रजी शब्द मोठ्यानं वाचायची चाचणी १९८२ पासून वापरतात. काका आजही पेपरातले मथळे खणखणीत वाचतात. बातमी काय होती ते दहा मिनिटांनी विचारायचं नाही.

"साठीनंतर निम्म्यांना असं होतंच"

यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. नाव जिभेवर येऊन अडणं आणि संध्याकाळी भाजी चिरताना अचानक आठवणं, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं, हे वयाचंच. वेगळं असतं ते अख्खा प्रसंग पुसला जाणं. काका पुतण्याच्या साखरपुड्याला गेले, जेवले, फोटोत हसले आणि चार दिवसांनी विचारलं, "त्याचं जमलं की नाही अजून?" आठवण करून दिल्यावरही काही उजळलं नाही.

दिलासा हवा असेल तर तो आकड्यांत आहे. भारतभरच्या मोठ्या पाहणीवरून केलेला अंदाज सांगतो की साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, ७.४ टक्के. म्हणजे नव्वदाहून अधिक लोकांना नाही. एमसीआय ठरलेल्यांतही, क्लिनिकमध्ये येणाऱ्यांपैकी, दर वर्षी साधारण १० ते १५ टक्के स्मृतिभ्रंशाकडे जातात. बरेच तसेच राहतात आणि काही जण पुन्हा पूर्ववत होतात.

"डॉक्टरची भेट रद्द करा"

आणि नेमके हे पूर्ववत होणारे लोकच या सल्ल्यानं नाडले जातात. थायरॉइड कमी पडणं, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, ऐकू कमी येणं, झोपेच्या किंवा लघवीच्या काही गोळ्या, पडल्यावर डोक्यात हळूहळू साकळलेलं रक्त, यांतलं प्रत्येक कारण विस्मरणाच्या रूपात येऊ शकतं आणि प्रत्येकावर काहीतरी करता येतं. बी-१२ तर आपल्याकडे विसरूच नये. पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या एका अभ्यासात जवळपास दोन-तृतीयांशांमध्ये ते कमी आढळलं होतं. काकांचंही कमी निघालं. इंजेक्शनांनी थकवा गेला, स्मरण परतलं नाही. पण हे तपासल्याशिवाय कळलं असतं का?

नवी औषधं, २०२३ सालचं लेकानेमॅब आणि २०२४ सालचं डोनानेमॅब, अमेरिकेत मंजूर झाली ती फक्त एमसीआय आणि अगदी सुरुवातीच्या अल्झायमरसाठी. फायदा माफक आहे. लेकानेमॅबच्या चाचणीत दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोकाही आहे. काकांना ती मिळाली असती असं मी म्हणत नाही. मला रुखरुख आहे ती पावणेदोन वर्षांची. त्या काळात त्यांनी विम्याचा एकच हप्ता तीनदा भरला. विश्रामबागहून घरी येताना स्कूटरवर रस्ता चुकून मिरजेला पोचले. मृत्युपत्र, बँकेतली वारसनोंद, पुढे कुणाकडे राहायचं, हे त्यांना स्वतः नीट ठरवता आलं असतं असे ते महिने होते.

जाणार असाल तर चष्मा, कानाचं यंत्र, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि रोज सोबत राहणारं माणूस बरोबर न्या. रुग्णाला न आठवणारं त्या माणसाला आठवतं आणि त्याच्याशी डॉक्टर वेगळं बोलतात. काकूंनी दुसऱ्या खेपेला शंभर पानी वही नेली होती. तारीख घालून एकेक ओळ: दूध दोनदा आणलं, गॅस चालू ठेवला, माझ्या माहेरचं गाव विचारलं. डॉक्टरांनी स्कॅनचं पाकीट बाजूला ठेवून आधी ती वही वाचली.